इंग्रजीचं व्याकरण आणि कवितेचा अर्थ: मराठी माध्यमातल्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. आमच्या मुलांची ही तृतीय भाषा. घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, गावातही फारसं कानावर पडत नाही. दरवर्षी नवे चेहरे येतात आणि प्रश्न मात्र जुनेच येतात. ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे. प्रश्न मुलांच्या आणि पालकांच्या तोंडचेच आहेत, मी फक्त थोडे नीटनेटके केलेत.

बाई, व्याकरण वेगळं आणि कविता वेगळी. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून पहिला घेते.

वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सवरची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत वाचली आहे. तिच्यात एक ओळ येते: ‘टेन थाउजंड सॉ आय ॲट अ ग्लान्स’. वर्गात अर्थ विचारला की निम्मी मुलं सांगतात, ‘दहा हजार जणांनी मला एका नजरेत पाहिलं.’ चूक स्वाभाविक आहे. दहा हजार आधी आले, मग पाहणं आलं, मग कवी आला. इंग्रजीत कर्ता आधी येतो हे पाठ केलेलं असतं, तो नियम लावून मुलं मोकळी होतात.

आता व्याकरण वापरून बघा. ओळीत ‘आय’ आहे. ‘आय’ हे इंग्रजीत फक्त कर्त्याचं रूप आहे. कवीला कोणी पाहिलं असतं तर तिथे ‘मी’ हे रूप आलं असतं. (इंग्रजीतलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’. उच्चार आपल्या ‘मी’सारखाच असल्यामुळे पाचवी-सहावीतली मुलं ‘मी गो टु स्कूल’ लिहितात. त्यांना रागावू नका, कारण समजावून सांगा.) म्हणजे पाहणारा कवीच आहे आणि दहा हजार फुलं पाहिली गेली आहेत. शब्दांची उलटापालट झाली तरी कर्ता लपला नाही. एका सर्वनामाच्या रूपावरून ओळीचा अर्थ लागला. हे व्याकरण झालं आणि हेच कवितेचं वाचनही झालं.

मराठीत तर आपण हे रोज करतो. ‘आंबा रामाने खाल्ला’, ‘खाल्ला आंबा रामाने’, कसंही म्हणा, आंब्याने रामाला खाल्लं असं कोणाला वाटत नाही, कारण ‘ने’ कर्ता दाखवतो. इंग्रजीत असे प्रत्यय जवळपास उरलेले नाहीत, म्हणून तिथे शब्दांच्या जागेला एवढं महत्त्व. आणि कवी जेव्हा ती जागा मोडतो तेव्हा तिथे थांबायचं. त्या उलटापालटीला परीक्षेत ‘इन्व्हर्शन’ म्हणतात. पण नाव लिहिण्याआधी विचारायचं की पुढे काय आणलं? दहा हजार हा आकडा. आधी ती प्रचंड संख्या डोळ्यांवर येते, पाहणारा माणूस मागून येतो.

इंग्रजी चांगली यायची तर मराठी डोक्यातून काढून टाकावी लागते का?

नाही. हा समज पालकांमध्ये फार पसरला आहे आणि त्याने मुलांचं नुकसान होतं. मराठी ही तुमच्या मुलाजवळची सगळ्यात मोठी शिदोरी आहे.

थोडा इतिहास सांगते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. संस्कृत परंपरेत यास्क या प्राचीन अभ्यासकाने शब्दांचे चार वर्ग सांगितले होते: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात (म्हणजे अव्ययं). आज मराठीच्या तासाला आपण ‘शब्दांच्या आठ जाती’ शिकतो, त्या इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आल्या. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज कोशकाराला दिलं जातं. म्हणजे मराठीच्या बाई नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद शिकवतात तेव्हा इंग्रजीचाही अर्धा पाया घालत असतात. मुलांना हे कोणी सांगत नाही. त्यांना वाटतं, दोन वेगळ्या वह्या म्हणजे दोन वेगळी शास्त्रं.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. त्याआधी आम्ही पाचवीत ए-बी-सी-डी गिरवायला घेतली होती. चार वर्षं उशिरा सुरू करूनही माझ्या पिढीतल्या अनेकांना व्याकरण पक्कं आलं, कारण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांत मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य करायला लावत. दोन्ही भाषा शेजारी बसवून फरक दाखवत. ती पद्धत जुनी म्हणून सोडून दिली गेली. बोलण्याचा सराव तिच्यात कमी होता हे खरं, पण तुलनेची सवय टाकून द्यायला नको होती असं मला ठामपणे वाटतं.

अ, ॲन आणि द कुठे लावायचं हे कधीच कळत नाही. मराठीत तर असलं काही नाहीच.

शब्द नाहीत, पण भेद आहे. ही दोन वाक्यं वाचा:

‘काका मुलगी बघायला गेलेत.’
‘काका मुलीला बघायला गेलेत.’

पहिलं वाक्य ऐकलं की तुम्हाला कळतं, घरात लग्नाची बोलणी चालू आहेत. कुठली मुलगी ते अजून ठरायचंय. दुसऱ्या वाक्यात एक ठरावीक मुलगी आहे, बहुधा त्यांची स्वतःचीच, होस्टेलवर किंवा दवाखान्यात असेल. एवढा फरक एका ‘ला’ने केला. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘अ गर्ल’ येईल, दुसऱ्या ठिकाणी ‘द गर्ल’ किंवा ‘हिज डॉटर’. तेव्हा ‘कुठलीतरी एक’ आणि ‘ती, ठरलेली’ हा फरक तुमच्या कानाला लहानपणापासून कळतो.

गोष्टीचं उदाहरण आणखी सोपं आहे. ‘एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ जिथे ‘एक’ म्हटलं तिथे ‘अ’, जिथे ‘त्या’ म्हटलं तिथे ‘द’. लिहिताना अडलात की वाक्य मराठीत म्हणा आणि नामाआधी ‘कुठला तरी एक’ बसतंय की ‘तो’ बसतंय ते बघा. सगळे प्रश्न याने सुटत नाहीत. नद्यांच्या नावाआधी ‘द’ येतो आणि गावाच्या नावाआधी येत नाही, हे लक्षात ठेवावंच लागतं. पण रोजच्या लिखाणातली बरीच वाक्यं सुटतात.

‘ॲन’साठी तर देवनागरी हे आपल्या हातातलं साधन आहे. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. ‘अवर’ अ-ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’, इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर एच असलं तरी. ‘युनिव्हर्सिटी’ य-ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, स्पेलिंग यू-ने सुरू होत असलं तरी. ‘एमएलए’ ए-ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एमएलए’. ‘वन-वे’ व-ने सुरू होतो, म्हणून ‘अ वन-वे’. नियम उच्चाराचा आहे आणि आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते.

आता साहित्याकडे या. एखादी कथा पहिल्याच वाक्यात ‘द डोअर ओपन्ड’ अशी सुरू झाली, तर लेखकाने काय केलं? कुठलं दार हे सांगितलंच नाही आणि तरी ‘ते दार’ म्हणाला. म्हणजे तुम्हाला ते दार आधीच माहीत आहे, तुम्ही त्या खोलीत बसलेलेच आहात, असं त्याने गृहीत धरलं. एका ‘द’ने वाचक घरात ओढला जातो. हे ज्या मुलाला दिसलं त्याला कथेबद्दल चार वाक्यं लिहायला गाईड लागत नाही.

कर्मणी प्रयोग म्हणजेच पॅसिव्ह व्हॉइस ना?

नाही. आणि या एका समजुतीने जेवढा गोंधळ होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही.

‘रामाने आंबा खाल्ला.’ मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबे खाल्ले. राम पुरुष असला तरी ‘खाल्ली’ होतं. पण इंग्रजीत हे वाक्य ‘राम एट अ मँगो’, म्हणजे सरळसरळ ॲक्टिव्ह. इंग्रजीत ॲक्टिव्ह-पॅसिव्ह ठरतं ते कर्त्याच्या खुर्चीवर कोण बसलंय यावरून. क्रियापद कोणाच्या लिंगाप्रमाणे चालतं हा प्रश्न इंग्रजीत उद्भवतच नाही.

पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी रूप म्हणजे ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. घरात असं कोणी बोलत नाही. पण नोटिशीत, बातमीत आपण रोज वाचतो: ‘ठराव मंजूर करण्यात आला’, ‘रस्ता बंद ठेवण्यात येईल’. कोणी मंजूर केला, कोण बंद ठेवणार, याचा उल्लेख नाही. करणारा माहीत नसतो, किंवा सांगायची गरज नसते, किंवा सांगायचा नसतो. इंग्रजीत पॅसिव्ह वापरण्याची कारणंही हीच आहेत.

म्हणून ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न सोडवताना नुसती अदलाबदल करू नका. दोन वाक्यांमध्ये कोण पुढे आलं आणि कोण मागे गेलं ते बघा. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ असं कथेतला मुलगा आईला सांगतो तेव्हा तो काय लपवतोय हे नववीतल्या कुठल्याही मुलाला कळतं. मी वर्गात विचारते, ‘मग फोडली कोणी?’ सगळा वर्ग हसतो आणि पॅसिव्ह कायमचा डोक्यात बसतो.

बारा काळांचा तक्ता पाठ करावा का?

तक्ता समजून घ्या, मग तो आपोआप पाठ होतो. मराठीतही साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे प्रकार आपण शिकलेले आहोत, त्यामुळे कल्पना नवी नाही. जागा मात्र वेगवेगळ्या ठिकाणी वाटलेल्या आहेत आणि घोळ तिथेच होतो. दोन ठिकाणं सांगते.

एक, ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतोय.’ मराठीत वर्तमानकाळ, म्हणून मुलं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितात. इंग्रजीला विचार वेगळा करावा लागतो: राहणं मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. शिवाय आपलं ‘पासून’ दोन कामं करतं. ‘२०१८पासून’ म्हटलं तर सुरुवातीचा क्षण, तिथे ‘सिन्स’. ‘पाच वर्षांपासून’ म्हटलं तर कालावधी, तिथे ‘फॉर’.

दोन, साधा वर्तमानकाळ. मुलांना वाटतं ‘प्रेझेंट’ म्हणजे आत्ता. पण ‘आय गो टु स्कूल’ म्हणजे या क्षणी नाही, ते आपल्या ‘मी शाळेत जात असतो’च्या जवळ आहे. म्हणजे रीतिवर्तमान. हे लक्षात ठेवा, खाली डॅफोडिल्सच्या कवितेत याचाच उपयोग होणार आहे.

डायरेक्ट-इनडायरेक्टमध्ये सर्वनामं आणि काळ का बदलतात? मराठीत तर बदलत नाहीत.

बरोबर निरीक्षण आहे. ‘आई म्हणाली, “मी उद्या येईन.”’ याचं मराठीत ‘आई म्हणाली की मी उद्या येईन’ असंही चालतं. ‘मी’ तसाच, ‘येईन’ तसंच. मराठीत निरोप सांगणारा आईचा आवाज तसाच पुढे नेतो. इंग्रजीत निरोप सांगणारा स्वतःच्या जागेवर उभा राहतो. त्याच्या जागेवरून आई ‘ती’ आहे, आईचं बोलणं होऊन गेलेलं आहे, आणि आईचा ‘उद्या’ त्याचा ‘उद्या’ असेलच असं नाही. म्हणून ‘शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे’. नियमांची यादी पाठ करण्याऐवजी ‘आता कोण बोलतंय आणि कुठे उभं राहून बोलतंय’ हे विचारा. कथा वाचताना निवेदक कोण आणि पात्र कोण हा प्रश्नही हाच आहे.

डू आणि डज नेमकं करतात काय?

आपलं प्रश्नार्थक ‘का’ जे काम करतं तेच, पण वाक्याच्या सुरुवातीला येऊन. ‘तो जातो का?’, ‘डज ही गो?’ मूळ क्रियापदाला लागणारा एस ‘डू’ने उचलून घेतला, म्हणून ‘गोज’ परत लिहायचं नाही. एका वाक्यात तो एकदाच येतो.

कवितेत ‘वी’ आणि ‘दाऊ’ आले की भाषांतर कसं करायचं?

‘वी’ आलं की थांबा, कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. घरी पाहुणे बसलेत आणि तुम्ही म्हणालात, ‘आम्ही जत्रेला चाललोय,’ तर पाहुणे बसून राहतील. ‘आपण जत्रेला चाललोय’ म्हणालात तर ते चपला घालायला उठतील. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वी’. मग कवितेतलं ‘वी’ कुठलं? सैनिकांच्या तोंडची कविता असेल तर ‘आम्ही’, ऐकणारा बाहेर राहतो. माणसाच्या मरणाबद्दल बोलणारी असेल तर बहुधा ‘आपण’, वाचकही त्यात आला. भाषांतर करताना तुम्हाला हा निर्णय घ्यावाच लागतो, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जो प्रश्न सुचणारही नाही तो तुम्हाला सुचतो. माझ्या वर्गात या एका शब्दावर अख्खा तास वाद झालेला आहे.

‘दाऊ’, ‘दी’, ‘दाय’ हे शब्द जुन्या कवितांत आणि प्रार्थनांत येतात. ते भारदस्त वाटतात म्हणून मुलं ‘आपण’, ‘आपणास’ असं करतात. पण ‘दाऊ’ हा जुन्या इंग्रजीतला ‘तू’ होता आणि ‘यू’ हा ‘तुम्ही’. देवाला ‘दाऊ’ म्हणत, जसं आपण विठ्ठलाला ‘अहो’ म्हणत नाही, ‘तू’ म्हणतो. शेक्सपिअरच्या नाटकांत एखादं पात्र ‘यू’वरून ‘दाऊ’वर येतं तेव्हा कधी जवळीक वाढलेली असते, कधी पारा चढलेला असतो. भांडणात ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं ते आपण पाहिलेलं आहेच.

डॅफोडिल आम्ही कधी पाहिलंच नाही. मग ती कविता आम्हाला कशी कळणार?

फूल पाहिलं नसलं तरी फुलांनी भरलेला डोंगर तुम्ही पाहिला आहे. आमच्याकडची मुलं पावसाळ्याच्या शेवटी कास पठारावर जाऊन आलेली असतात. पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. तिथली आणि घाटमाथ्यावरची सोनकी आठवा. उतारच्या उतार पिवळे, वारा आला की सगळी फुलं एकाच वेळी हलतात. कास नसेल पाहिलं तर बांधावरची सोनकी किंवा सूर्यफुलाचं शेत घ्या. मग कवितेकडे या.

प्रसंग असा घडला होता. १५ एप्रिल १८०२ रोजी वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी इंग्लंडच्या उत्तरेला अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालत होते. वारा सुटला होता. काठाने डॅफोडिल्सची लांबच लांब रांग दिसली. डोरोथीने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की काही फुलांनी दगडांवर उशीसारखी मान टेकली होती आणि बाकीची वाऱ्याबरोबर नाचत होती. कविता नंतर लिहिली गेली, १८०७ साली छापून आली, आणि १८१५ साली तिच्यात एक कडवं वाढलं. आज आपण चार कडव्यांची कविता वाचतो ती हीच.

आता क्रियापदं बघा. पहिल्या तीन कडव्यांत गोष्ट भूतकाळात चालते: भटकलो, पाहिलं, पाहत राहिलो. चौथ्या कडव्यात कवी एकदम वर्तमानात येतो: कोचावर पडलेला असतो तेव्हा ती फुलं ‘अंतर्मनाच्या डोळ्यासमोर’ चमकून जातात. हा तोच साधा वर्तमानकाळ, आपला रीतिवर्तमान. एकदा घडून गेलेली गोष्ट आता पुन्हा पुन्हा घडते आहे. फुलं तलावाकाठी राहिली, आनंद घरी आला. हे कळायला कुठल्या टीकाकाराची गरज नाही, काळांचा तक्ता पुरतो.

तिसऱ्या कडव्यात कवी म्हणतो की अशा आनंदी सोबतीत कवी ‘कुड नॉट बट बी गे’. त्या काळी ‘गे’चा अर्थ आनंदी, प्रसन्न असा होता. वर्गात कुजबुज होते, म्हणून मी तो अर्थ आधीच सांगून टाकते. अडचण ‘नॉट बट’ची असते. मुलं ‘नॉट’ बघून नकारार्थी करतात. पण आपल्याकडे याला तंतोतंत जोड आहे: ‘आनंदी झाल्यावाचून राहवेना’. ‘वाचून राहवेना’ हा मराठीतला दुहेरी नकार ज्याला येतो त्याला ही ओळ आली.

आणि दोन शब्द राहिले. पहिल्या ओळीत कवी ‘लोनली’ आहे, शेवटी तो ‘सॉलिट्यूड’चं सुख सांगतो. शब्दकोशात दोन्हींना ‘एकटेपणा’ सापडेल. पण मराठीत एकाकीपणा निराळा आणि एकांत निराळा. तुकाराम महाराजांना वृक्षवल्लींच्या सोबतीत ‘एकांताचा वास’ रुचतो, एकाकीपणा नव्हे. ढगासारखा एकाकी भटकणारा माणूस कवितेच्या शेवटी एकांतात पोहोचला. ज्या दोन ओळींत हे एकांताचं सुख येतं, त्या आपल्या पत्नीने, मेरीने, सुचवल्याचं वर्ड्सवर्थने स्वतः सांगितलं आहे.

कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच ना?

वरच बघा. कवितेतला ‘मी’ ढगासारखा एकटा भटकतो. त्या दिवशीचा खरा वर्ड्सवर्थ बहिणीबरोबर होता. तो खोटं बोलला का? नाही. कवितेला जो ‘मी’ हवा होता तो त्याने घडवला. म्हणून उत्तरात ‘कवी दुःखी होता’ असं लिहिण्यापेक्षा ‘कवितेतला मी सुरुवातीला एकटा आहे’ असं लिहा. ओवी रचणारी बाई सीतेच्या तोंडून बोलते तेव्हा तिलाच वनवास झाला असं आपण म्हणत नाही.

कवितेचा अर्थ एकच असतो की प्रत्येकाचा वेगळा?

दोन्ही टोकांना जाऊ नका. मी शाळेत असताना कवितेचा अर्थ फळ्यावर लिहून दिला जायचा आणि त्यातला एक शब्द बदलला तरी मार्क कापले जायचे. मी एकदा स्वतःच्या मनाने लिहिलेल्या उत्तरावर लाल शाईने आडवी रेघ आली होती. त्या रेघेने मला पुढची कित्येक वर्षं गप्प केलं. माझ्या वर्गात मी ते होऊ देत नाही.

पण ‘मला असं वाटतं’ एवढंही पुरत नाही. कोणी म्हणालं की डॅफोडिल्स म्हणजे सैन्य आहे, तर मी विचारते, कुठल्या शब्दावरून? ‘होस्ट’ हा शब्द आहे, त्याचा जुना अर्थ सैन्य असाही होतो. ठीक, मुद्दा उभा राहिला. मग पुढे बघू: सैन्य नाचतं का? ‘डान्स’ हा शब्द तर पुन्हा पुन्हा येतो. मग तो अर्थ थोडा मागे घ्यावा लागतो. मुलगी तो स्वतःहून मागे घेते तेव्हा ती साहित्य शिकत असते.

अलंकार ओळखता येत नाहीत. इंग्रजी नावंच लक्षात राहत नाहीत.

मराठीतले येतात ना? ‘सिमिली’ म्हणजे उपमा, ‘मेटाफर’ म्हणजे रूपक, ‘हायपरबोली’ म्हणजे अतिशयोक्ती, ‘ॲलिटरेशन’ हा अनुप्रासाचा भाऊ, ‘पन’ म्हणजे श्लेष. ‘परसॉनिफिकेशन’ म्हणजे चेतनगुणोक्ती.

चेतनगुणोक्तीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. मराठीत प्रत्येक नामाला लिंग असतं. चंद्र ‘तो’, नदी ‘ती’, झाड ‘ते’. त्यामुळे ‘ती वाहते’ म्हटल्याने नदी माणूस होत नाही. इंग्रजीत निर्जीव वस्तू सहसा ‘इट’ असते. म्हणून इंग्रजी कवितेत चंद्राला ‘शी’ किंवा मृत्यूला ‘ही’ म्हटलं की त्या एका सर्वनामाने अलंकार झाला. मराठी मुलाच्या नजरेतून तो हमखास निसटतो, कारण आपल्याला ते नेहमीचंच वाटतं. सर्वनामांखाली पेन्सिलीने रेघ मारत वाचा.

यमकरचना पटकन कशी लिहायची?

ओळीचा शेवटचा शब्द देवनागरीत लिहा. डॅफोडिल्सच्या पहिल्या कडव्यात क्लाउड, हिल्स, क्राउड, डॅफोडिल्स, ट्रीज, ब्रीझ. झाली रचना: ए बी ए बी सी सी. शेवटच्या दोन शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग जुळत नाही, पण यमक कानाने जुळतं. चौथ्या कडव्यातले ‘लाय’ आणि ‘आय’ हेही तसेच.

रसग्रहणात नेमकं काय लिहायचं?

दहावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत कवितेच्या रसग्रहणाला मुद्दे दिलेले असतात: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, आवडती ओळ, मध्यवर्ती कल्पना. पहिले तीन मुद्दे सगळेच लिहितात. खरा प्रश्न आवडत्या ओळीचा. ‘ही ओळ मला आवडते कारण ती छान आहे’ असं लिहू नका. ओळीतला एक शब्द उचला आणि तो शब्द नसता तर काय गेलं असतं ते दोन साध्या वाक्यांत लिहा. मोठे शब्द नकोत, चुकीचे काळ नकोत.

गाईड वापरलं तर चालतं का?

शब्दार्थासाठी, प्रश्नांच्या सरावासाठी खुशाल वापरा. गावाकडच्या मुलाला दुसरं साधन नसतं हे मला माहीत आहे. फक्त क्रम पाळा. आधी कविता दोनदा मोठ्याने वाचा, स्वतःचं मोडकंतोडकं उत्तर लिहा, मग गाईड उघडा. उलट क्रमाने केलंत तर स्वतःचं उत्तर सुचायचंच थांबतं.

आम्हाला इंग्रजी येत नाही. मुलीचा अभ्यास घरी कसा घ्यायचा?

तिला सांगा, ‘आज कुठली कविता झाली? मला मराठीत सांग.’ सांगताना जिथे ती अडखळेल तिथे तिला समजलेलं नाही, हे तुमच्या आणि तिच्याही लक्षात येईल. मग एवढंच विचारा, ‘हे कुठल्या शब्दावरून म्हणतेस?’ तिला पुस्तकात बोट ठेवावं लागेल. एका आईने मला सांगितलं की ती भाकरी थापताना रोज एवढा एकच प्रश्न विचारते. तिची मुलगी वर्गात माझ्या आधी तो प्रश्न दुसऱ्यांना विचारू लागली होती.

शब्दकोश कुठला घ्यावा, इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी?

आठवीपर्यंत इंग्रजी-मराठी. नववीपासून दोन्ही शेजारी ठेवा. मोबाइलवर शब्द शोधलात तरी पहिला अर्थ उचलू नका, खालचेही वाचा. ‘होस्ट’ म्हणजे फक्त यजमान असं लिहून आलेल्या वह्या मी दरवर्षी तपासते.